कोकणात पहिली इमारत बांधताय? महारेरा नोंदणीची वाट, पायरीपायरीने

चिपळूण, दापोली, रत्नागिरी, कणकवली, कुडाळ इथे फ्लॅटच्या इमारती बांधणारे बरेचसे लोक इथलेच असतात. कोणी वर्षानुवर्षं घरं बांधून देणारा ठेकेदार असतो, कोणी मुंबईची नोकरी सोडून परतलेला सिव्हिल इंजिनीअर, तर कोणाची वडिलोपार्जित जागा बाजारपेठेला लागून असते. बांधकाम त्यांना येतं. गाडी अडते ती महारेराच्या, म्हणजे राज्याच्या स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाच्या नोंदणीपाशी. मग "ते सीए बघेल" म्हणून सगळी फाईल दुसऱ्याच्या हाती जाते. हा लेख अशा पहिल्यांदाच उतरणाऱ्यांसाठी आहे, आणि त्यांच्या नकाशावर पहिल्यांदा सही करणाऱ्या तरुण आर्किटेक्ट-इंजिनीअरांसाठीही.

एक गोष्ट आधीच सांगतो. पोर्टलवर अर्ज भरणं हे या सगळ्यातलं सर्वांत सोपं काम आहे. जमीन, परवानगी आणि सही करणारी माणसं या तीन गोष्टी पक्क्या असतील तर अर्ज सरळ पुढे सरकतो. त्या कच्च्या असतील, तर कितीही हुशार सीए असला तरी अर्ज त्रुटी लागून परत येतो. म्हणून अर्जापासून सुरुवात करायची नाही.

तुमच्या इमारतीला नोंदणी लागते का?

केंद्राचा स्थावर संपदा कायदा २०१६ चा. महाराष्ट्रात महारेराचं काम मे २०१७ पासून सुरू झालं. कायद्याचं कलम ३ सांगतं की नोंदणी झाल्याशिवाय जाहिरात करायची नाही, बुकिंग घ्यायचं नाही, विक्री करायची नाही. नव्या इमारतीला सूट दोनच बाबतींत आहे: विकसित करायची जमीन ५०० चौरस मीटरपेक्षा जास्त नसेल, किंवा फ्लॅटची संख्या ८ पेक्षा जास्त नसेल. पाच गुंठे म्हणजे साधारण ५०० चौरस मीटर, एवढं लक्षात ठेवलं की हिशेब सोपा होतो.

इथेच पहिली पळवाट सुचवणारे भेटतात. "आता आठच फ्लॅट दाखवू, मागची विंग पुढच्या वर्षी." कायद्यात आठची मोजणी सर्व टप्पे धरून आहे, त्यामुळे एकाच जागेतले तुकडे पाडून ती टळत नाही. नोंदणी न करता विक्री केली तर प्रकल्पाच्या अंदाजित खर्चाच्या १० टक्क्यांपर्यंत दंड होऊ शकतो, आणि आदेशानंतरही चालू ठेवलं तर तुरुंगवासाचीही तरतूद आहे. एवढा धोका पत्करावा इतकं नोंदणीत काहीच जड नाही.

आणि सूट मिळाली तरी ती फक्त नोंदणीपुरती. १९६३ चा मोफा (फ्लॅट मालकी) कायदा, बांधकाम परवानगी, इमारतीच्या मजबुतीची जबाबदारी यातलं काहीही सुटत नाही. बंगल्यांचे प्लॉट पाडून विकणाऱ्यांनाही स्थावर संपदा कायदाच लागू आहे. "सी-व्ह्यू प्लॉट"चे बोर्ड रस्त्याकडेला लावणाऱ्यांनी त्यातलं कलम ३ एकदा शांतपणे वाचावं.

जमीन: कोकणातला सर्वांत लांबणारा भाग

देशावर सात-बाऱ्यावर दोन-चार नावं असतात. आपल्याकडे एका उताऱ्यावर तीस-चाळीस सामाईक नावं असणं नवलाचं नाही. त्यातले निम्मे मुंबईत, काही वारलेले, काहींच्या वारसांची नोंदच नाही. महारेराला वकिलाचा टायटल रिपोर्ट (जमिनीच्या मालकीचा अहवाल) ठरलेल्या नमुन्यात, म्हणजे 'फॉरमॅट ए'मध्ये लागतो. तो स्वच्छ यायचा तर आधी वारस नोंदी आणि फेरफार पूर्ण झालेले हवेत.

सहहिस्सेदारांच्या संमतीसाठी गणपती आणि शिमगा हे खरे हंगाम, कारण तेव्हा सगळे चाकरमानी घरी असतात. बैठक तेव्हा घ्या. पण तोंडी होकारावर थांबू नका. प्रत्येकाची सही असलेला नोंदणीकृत करार किंवा नोंदणीकृत कुलमुखत्यारपत्र हातात हवं. एका चुलत्याने पुढे हरकत घेतली तर दावा उभा राहतो, आणि चालू दावा महारेराच्या पानावर जाहीर करावाच लागतो. तो वाचून गिऱ्हाईक परत फिरतं.

उताऱ्यावर 'भोगवटादार वर्ग २' (म्हणजे विक्रीवर सरकारी बंधन असलेली जमीन) दिसलं, इतर हक्कात कुळकायद्याच्या कलम ४३ चा शेरा दिसला, देवस्थान इनामाची किंवा आकारीपडची नोंद दिसली, तर तिथेच थांबा. सक्षम अधिकाऱ्याची परवानगी आणि नजराणा याचा निकाल लागेपर्यंत आर्किटेक्टला नकाशा काढायलाही सांगू नका. तसंच भूमी अभिलेखकडून मोजणी करून 'क' प्रत (मोजणीचा अधिकृत नकाशा) घ्या. जुना बांध, चिऱ्याचा गडगा आणि कागदावरची हद्द यांत आपल्याकडे फरक निघतोच, आणि इमारतीचं सामासिक अंतर, म्हणजे भोवती सोडायची मोकळी जागा, कागदावरच्या हद्दीपासून मोजतात.

जमीनमालकाला पैशाऐवजी फ्लॅट द्यायचे ठरले असतील तर तोही महारेराच्या दृष्टीने प्रवर्तक, म्हणजे बिल्डरच, ठरतो. त्याचं नाव अर्जात येतं, जबाबदारीही येते. हे त्याला करारावर सही घेण्याआधी समजावून सांगा. कित्येक जमीनमालकांना वाटतं की आपण फक्त जागा दिली.

परवानगी: कोणाची, आणि कुठल्या रेषेच्या आत

ग्रामपंचायतीचा ना-हरकत दाखला किंवा घरपट्टीचा नमुना ८ म्हणजे बांधकाम परवानगी नव्हे. हा गैरसमज कोकणात अजून जबरदस्त आहे. नगरपालिका, नगरपंचायत हद्दीत ती संस्था परवानगी देते. गावठाणाबाहेर प्रादेशिक योजनेच्या क्षेत्रात अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे जातो आणि नगररचना कार्यालय तो तपासतं. डिसेंबर २०२० मध्ये मंजूर झालेली एकत्रित विकास नियंत्रण नियमावली, जिला सगळे यूडीसीपीआर म्हणतात, ती बहुतेक ठिकाणी लागू आहे. त्यासोबत जमीन बिनशेती झालेली हवी. त्याचा कागद फाईलला लावा.

मग दोन रेषा बघायच्या.

पहिली सीआरझेडची, म्हणजे किनारा नियमन क्षेत्राची. समुद्राच्या भरतीरेषेपासून ५०० मीटरपर्यंतचा पट्टा सर्वांना ठाऊक असतो. पण खाडीच्या काठालाही सीआरझेड आहे, हे विसरलं जातं. दाभोळ, जयगड, विजयदुर्ग या खाड्या कितीतरी आतवर जातात. समुद्र दिसत नाही म्हणून जागा सीआरझेडबाहेर आहे असं धरू नका. मंजूर किनारा व्यवस्थापन नकाशावर आपला सर्व्हे नंबर टाकून लेखी अभिप्राय घ्या.

दुसरी पूररेषा. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठी आणि शिव नद्यांनी चिपळुणात काय केलं ते इथल्या कोणालाही सांगायला नको. निळी रेषा ही वारंवार येणाऱ्या पुराची हद्द, लाल ही क्वचित येणाऱ्या मोठ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत नवी इमारत नाही. निळ्या आणि लाल रेषेच्या मध्ये अटींवर परवानगी मिळते आणि जोत्याची उंची लाल रेषेच्या पातळीच्या वर ठेवावी लागते. महाड, खेड, राजापूर इथेही जलसंपदा विभागाकडून आपल्या जागेची पातळी मागून घ्या. केवळ नियमासाठी नाही. तळमजल्यावरचे मीटर आणि पंप कुठे बसवायचे हे त्या एका आकड्यावर ठरतं.

सगळं झालं की बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र, म्हणजे सीसी, मिळतं. कल्याण-डोंबिवलीत ६५ इमारतींनी बनावट परवानग्या दाखवून महारेराचे नंबर मिळवल्याचं उघड झालं, आणि मुंबई उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये त्या पाडण्याचा आदेश दिला. त्या घरांत राहणाऱ्यांत आपल्या जिल्ह्यांतून गेलेली कुटुंबंही असणार. आता महारेरा सीसीची पडताळणी थेट स्थानिक प्राधिकरणाकडून करून घेतं. त्यामुळे परवानगी देणाऱ्या कार्यालयाने तुमची सीसी पुढे कळवली की नाही, याचा पाठपुरावा तुम्हीच करायचा.

सही करणारी माणसं

या भागावर जास्त लिहितो, कारण आपल्याकडे इथेच सर्वांत जास्त ढिलाई आहे.

महारेराच्या व्यवस्थेत तीन व्यावसायिकांच्या सह्या सतत लागतात. आर्किटेक्ट (फॉर्म १), इंजिनीअर (फॉर्म २) आणि सीए (फॉर्म ३). काम किती टक्के झालं, खर्च किती झाला आणि म्हणून खात्यातून किती रक्कम काढता येईल, हे या तिघांनी प्रमाणित करायचं असतं. इंजिनीअरला वापरलेल्या साहित्याच्या गुणवत्तेची खातरी देणारा फॉर्म २-ए वेगळा भरावा लागतो.

आर्किटेक्ट म्हणवून घ्यायला १९७२ च्या कायद्याखाली कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरची नोंदणी लागते. तिचा नंबर 'सीए' या अक्षरांनी सुरू होतो. नोंदणी चालू आहे का, नूतनीकरण झालं आहे का, हे बघा. इंजिनीअर आणि स्ट्रक्चरल इंजिनीअर यांची पात्रता यूडीसीपीआरच्या परिशिष्टात दिली आहे, आणि परवाना स्थानिक नियोजन प्राधिकरणाकडून घ्यावा लागतो. स्ट्रक्चरल इंजिनीअरसाठी सिव्हिलची पदवी आणि डिझाइनच्या कामाचा किमान तीन वर्षांचा अनुभव धरला जातो.

नवख्या इंजिनीअरांना माझं कळकळीचं सांगणं: साईट न बघता सही करू नका. २४ ऑगस्ट २०२० ला महाडच्या काजळपुऱ्यात तारीक गार्डन ही पाच मजली इमारत कोसळली. ती दहा वर्षांचीही नव्हती. १६ माणसं गेली. गुन्हा बिल्डरवर दाखल झाला, तसाच आर्किटेक्ट आणि आरसीसी सल्लागार यांच्यावरही. त्या इमारतीच्या कागदांवर सह्या होत्याच.

किनाऱ्यावर काँक्रीटला मीठ खातं. आयएस ४५६ या मानकात किनाऱ्याच्या हवेत उघड्या राहणाऱ्या काँक्रीटला 'सिव्हिअर' वर्ग दिला आहे. त्यासाठी आरसीसीला किमान एम-३० ग्रेड (काँक्रीटच्या ताकदीचा दर्जा), पाणी-सिमेंट प्रमाण ०.४५ पेक्षा जास्त नाही, दर घनमीटरला किमान ३२० किलो सिमेंट आणि सळईवर ४५ मिलिमीटर कव्हर सांगितलं आहे. खाऱ्या तुषारांचा थेट मारा बसणाऱ्या भागाला याहून कडक, एम-३५. प्रत्यक्षात एम-२० चं मिक्स आणि वीस-पंचवीस मिलिमीटर कव्हर देऊन स्लॅब ओतलेले मी पाहतो, आणि काही पावसाळ्यांतच गॅलरीच्या खालून गंज बाहेर येतो.

पाणीही तपासा. आरसीसीसाठी पाण्यातल्या क्लोराइडची मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम आहे. किनाऱ्याजवळच्या विहिरी मे महिन्यात मचूळ होतात, म्हणजे जानेवारीत पास झालेलं पाणी मेमध्ये नापास होऊ शकतं. खाडीची वाळू स्वस्त पडते, पण तिच्यासोबत मीठ येतं. ती वापरायचीच असेल तर धुऊन, आणि प्रयोगशाळेचा अहवाल फाईलला लावून.

ही तांत्रिक माहिती नोंदणीच्या लेखात का, असं वाटेल. कारण कायद्याच्या कलम १४ प्रमाणे ताबा दिल्यापासून पाच वर्षांत रचनेत, कामात किंवा दर्जात दोष निघाला तर तो ३० दिवसांत, पैसे न घेता दुरुस्त करून द्यायची जबाबदारी तुमची आहे. पाच वर्षं म्हणजे पाच कोकणी पावसाळे. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. काँक्रीटमध्ये वाचवलेला पैसा त्या पाच वर्षांत पुरता परत जातो.

कोयना जवळ आहे हेही डिझाइनरने विसरू नये. खाली सगळं पार्किंग आणि वर भिंतींचे मजले, अशा इमारतींचा तळमजला भूकंपात सर्वांत आधी वाकतो. आयएस १३९२० प्रमाणे सळयांची मांडणी कागदावर असते. ती खांबात आहे का, हे काँक्रीट ओतण्याआधी बघायचं असतं.

बँकेची तीन खाती

१ जुलै २०२४ पासून प्रत्येक प्रकल्पाला एकाच बँकेत तीन खाती लागतात. गिऱ्हाइकाचा प्रत्येक रुपया पहिल्या, म्हणजे जमा खात्यात येतो. त्यातले किमान ७० टक्के दुसऱ्या, स्वतंत्र खात्यात जातात, ज्यातून फक्त जमीन आणि बांधकामाचा खर्च करता येतो, तोही आर्किटेक्ट, इंजिनीअर आणि सीए यांच्या प्रमाणपत्रांवर. उरलेले जास्तीत जास्त ३० टक्के तिसऱ्या, व्यवहार खात्यात.

एका इमारतीचा पैसा दुसऱ्या इमारतीत फिरवायची सवय या नियमाने मोडते, आणि ते योग्यच आहे. मात्र नवख्या माणसाने आपलं भांडवल या हिशेबाने आधी मोजावं. जोत्यापर्यंतचा खर्च बुकिंगवर निघेल असं गृहीत धरून उतरलात तर पहिल्याच पावसाळ्यात काम थांबेल. बँकेच्या शाखेला ही खाती उघडण्याची सवय नसेल तर वेळ जातो, म्हणून सीसीची वाट बघत असतानाच बँकेशी बोलून ठेवा.

आता अर्ज

अर्ज महारेराच्या पोर्टलवर ऑनलाइन होतो. २०२४ पासून ही यंत्रणा 'महाक्रिटी' नावाने नव्या रूपात आली आहे. आधी प्रवर्तक म्हणून खातं उघडायचं. मग प्रकल्पाची माहिती, मंजूर नकाशे, सीसी, टायटल रिपोर्ट, बोजाची माहिती, खात्यांचा तपशील, विक्री कराराचा मसुदा आणि फॉर्म ब मधलं शपथपत्र. महारेराने मान्यता दिलेल्या एखाद्या स्वयंनियामक संस्थेचं सदस्यत्वही लागतं. बिल्डरांच्या संघटनांच्या जिल्हा शाखेत चौकशी करा. शुल्क जमिनीच्या क्षेत्रफळावर असतं. २०१७ च्या नियमांत ते चौरस मीटरला १० रुपये, किमान ५० हजार आणि कमाल १० लाख असं ठरलं होतं. भरण्याच्या दिवशीचा दर पोर्टलवरच बघावा.

दोन रकाने भरताना घाई करू नका.

एक, चटई क्षेत्र. कायद्यातल्या व्याख्येप्रमाणे आतल्या भिंती त्यात येतात. बाहेरच्या भिंती, बाल्कनी, पडवी, उघडी गच्ची येत नाही. विक्री चटई क्षेत्रावरच. सुपर बिल्टअपचे आकडे विसरून जा.

दोन, पूर्णत्वाची तारीख. ती तुम्ही स्वतः टाकता, आणि तीच पुढे तुमच्यावर बंधनकारक होते. जून ते सप्टेंबर पाया खोदाई आणि बाहेरचा गिलावा होत नाही. मे महिन्यात कामगार गावी जातात, गणपतीत स्थानिक गवंडी मिळत नाहीत. म्हणजे वर्षाचे कामाचे महिने आठसुद्धा नाहीत. विक्री लवकर व्हावी म्हणून जवळची तारीख टाकण्याचा मोह टाळा. ताबा द्यायला उशीर झाला तर गिऱ्हाईक पैसे परत मागू शकतं किंवा थांबून व्याज घेऊ शकतं, आणि तो दर स्टेट बँकेचा सर्वोच्च एमसीएलआर (बँकेचा कर्जाचा मूळ दर) अधिक दोन टक्के असा आहे.

अर्ज परिपूर्ण असेल तर ३० दिवसांत निर्णय द्यायचा असं कायदा सांगतो. त्रुटी निघाल्या की वेळ वाढतो, आणि बहुतेक त्रुटी टायटल रिपोर्टमधलं क्षेत्र आणि नकाशातलं क्षेत्र जुळत नाही अशा साध्या असतात. पाठवण्याआधी सगळे आकडे एका कागदावर समोरासमोर मांडून बघा.

नंबर मिळाल्यावर

जाहिरातीत नोंदणी क्रमांक हवाच, आणि १ ऑगस्ट २०२३ पासून क्यूआर कोडही. चूक झाली तर ५० हजारांपर्यंत दंड. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारं चित्र आणि एसटी स्टँडसमोरचा फ्लेक्स हीसुद्धा जाहिरातच.

मुंबईतल्या चाकरमान्यांना फ्लॅट विकण्यासाठी एजंट नेमणार असाल तर तो महारेराकडे नोंदलेला हवा. त्यासाठी आता २० तासांचं प्रशिक्षण आणि परीक्षा आहे. "माझा भाऊ दादरला लोकांना सांगतो" हे कमिशनवर चालत असेल तर तो भाऊही एजंटच.

करार नोंदवल्याशिवाय किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. मंजूर नकाशात मोठा बदल करायचा तर दोन तृतीयांश खरेदीदारांची लेखी संमती लागते.

दर तिमाहीची माहिती पुढच्या महिन्याच्या २० तारखेपर्यंत भरायची: २० एप्रिल, २० जुलै, २० ऑक्टोबर, २० जानेवारी. जानेवारी २०२३ मध्ये नोंदलेल्या प्रकल्पांपैकी ३६३ प्रकल्पांची नोंदणी महारेराने ही माहिती न भरल्यामुळे स्थगित केली होती. स्थगिती म्हणजे खातं गोठतं, जाहिरात बंद आणि दुय्यम निबंधकाकडे करारही नोंदले जात नाहीत. एकही फ्लॅट विकला नसेल तरी तिमाही भरायची. शिवाय आर्थिक वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांत खात्यांचं लेखापरीक्षण करून सीएचा फॉर्म ५ द्यायचा.

निम्म्याहून अधिक, म्हणजे ५१ टक्के फ्लॅट बुक झाले की तीन महिन्यांत सोसायटी स्थापनेचा अर्ज करायचा. काम संपलं की आर्किटेक्टचा फॉर्म ४ आणि भोगवटा प्रमाणपत्र (इमारत वापरायला योग्य असल्याचा दाखला) पोर्टलवर चढवायचं. भोगवट्याआधी चावी देऊ नका, गिऱ्हाईक गृहप्रवेशाचा मुहूर्त काढून दारात उभं राहिलं तरीही. त्यानंतर जमिनीचं अभिहस्तांतरण (कन्व्हेयन्स, म्हणजे मालकी देणारा दस्त) सोसायटीच्या नावे करायचं. सात-बाऱ्यावरचे सगळे सहहिस्सेदार त्या दस्तालाही लागतात, म्हणून सुरुवातीच्या कुलमुखत्यारपत्रातच अभिहस्तांतरणावर सही करण्याचा अधिकार लिहून घ्या.